याको, याको

२ ऑगस्ट

संध्याकाळी पुन्हा शीळ. मामा म्हणाला, तितर. मी म्हटलं, भाऊ — पलीकडच्या रानातले.

तितराची शीळ शेवटी खाली उतरते. भावांची उतरत नाही — तिथेच राहते, उत्तराची वाट बघत. मला फरक कळतो असं मला वाटतं. मामा हसतो. "पोरी, ते शिकले तितराकडूनच ना? मग फरक तितराला कळेल. तुला कसा कळणार?"

आम्ही शीळ घातली नाही. अंधार पडेपर्यंत दुसरी आली नाही. मग तितरही असेल.

४ ऑगस्ट

नदी उतरली आहे. मधलं वाळूचं बेट वर आलंय. बेट वर आलं की दोन्ही काठ जवळ येतात, आणि आमचं पहाऱ्याचं काम वाढतं.

दुपारी लाकूडवाल्यांची इंजिनाची होडी. करवती ताडपत्रीखाली झाकलेल्या, पण तेलाचा वास लपत नाही. आमच्याकडे काय आहे? एक रेडिओ, एक शिट्टी, सरकारी ऑफिसने दिलेली दोन जाकिटं. मी जाकीट घालून पाण्यात उभी राहिले. सुकाणूवरचा ओरडला, "ताई, तिकडे कोणी राहतं तरी का? की पगार काढायला ऑफिसला भुतं लागतात?"

अबेलिनो मामा शांतपणे म्हणाला, "भुतंच आहेत बाबा. म्हणून तर म्हणतो, जाऊ नको."

सगळे हसले. पण होडी वळवली! हसणारी माणसंच आधी वळतात.

६ ऑगस्ट

आज भाऊ बाहेर आले.

कासवांची अंडी उकरायला. दोन बायका, एक म्हातारा, मागे झाडीत आणखी कोणी. म्हाताऱ्याने हात वर केला. "याको!"

मामा आणि मी, दोघांनी — "याको! याको!"

याको म्हणजे भाऊ. आमच्या गावात चर्चमध्येही हेच म्हणतात. त्यांची आणि आमची बोली एकच, फक्त त्यांची जुनी. म्हणून तर ऑफिसला आमच्या गावची माणसं लागतात. हा एक शब्द ओरडायची परवानगी आहे. बाकी काही नाही. कापड द्यायचं नाही, भांडं नाही, केळी नाही, जवळ जायचं नाही. आमची साधी सर्दी त्यांचं अख्खं गाव नेते.

लिमात चार वर्षं साहित्य शिकले. शेकडो पानं शब्दांच्या अर्थांवर लिहिली. इथे एका शब्दावर सात वर्षं पोट भरते आहे.

समोरच्या काठावर ताडाच्या झावळ्यांचा आडोसा आहे. त्याचं तोंड बरोबर आमच्या चौकीकडे. त्यात कायम दोघं बसलेले. ते मासे मारत नाहीत, चूल पेटवत नाहीत. फक्त इकडे बघतात. आम्ही पाळी बदलली की थोड्या वेळाने तिकडचेही बदलतात.

आधी मला ते गमतीचं वाटायचं.

९ ऑगस्ट

दक्षिणेचा गारठा आला. नदीवर धूर बसावा तसं धुकं. मामा दोन शर्ट घालून बसलाय.

रेडिओवर ऑफिसचे काबरेरा साहेब. "खाली तुमच्या गावात सर्दी-तापाची साथ आहे. वर कोणी येता कामा नये. कोणी म्हणजे कोणीही, नेरेइदा."

"हो साहेब."

"तुमचे नातेवाईकसुद्धा."

"समजलं साहेब."

त्यांना आम्ही बरोबर माहीत आहोत.

१० ऑगस्ट

ओतिलिया मावशी आली!

मासळीवाल्याच्या होडीने. त्याने तिला काठावर उतरवलं आणि मी ओरडेपर्यंत तो वळणापलीकडे. तिच्या कडेवर मडकं, मूल घ्यावं तसं. आणि खोकला.

मी दूर उभी राहून म्हटलं, "मावशी, साहेबांनी सांगितलंय —"

"तो अब्याचा साहेब. माझा कोण?"

मामाने मान खाली घातली. मला कळलं. यानेच निरोप धाडला होता.

मावशी मामाची सख्खी बहीण नाही. गोवराच्या वर्षी माझ्या आजीला ती याच वाळूवर सापडली. पाच-सहा वर्षांची, पलीकडून आलेली, एकटी. आजीने वाढवली. ओतिलिया हे चर्चने दिलेलं नाव. आधीचं नाव तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

तिला मागच्या कोठीत ठेवलं आहे. तोंडाला फडकं बांधायला लावलं. नदीकडे जायचं नाही म्हणून बजावलं. "बरं गं, शिपाईणबाई," म्हणाली.

मडक्यात मासातो आहे. तिने स्वतः युकाचे कंद उकडून, चावून, थुंकून, आंबत घातलेला. "कोणासाठी?" विचारलं तर फडक्याआडून नदीच्या दिशेने बघायला लागली.

११ ऑगस्ट

संध्याकाळी म्हातारा काठावर आला. याको! आम्ही — याको, याको.

कोठीतून हसण्याचा आवाज. मावशी हसत होती. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसली. मी दारातून विचारलं, काय झालं?

"काय ओरडलात तुम्ही?"

"याको. भाऊ."

"भाऊ! कोणी सांगितलं भाऊ?"

मी म्हटलं, पाद्र्यांनी. ऑफिसने. सगळेच म्हणतात.

"पाद्री आला तेव्हा इकडे काय चाललं होतं, ठाऊक आहे? पुरणं. रोज पुरणं. बाया खड्ड्यात वाकून ओरडायच्या, याको, याको. त्याला वाटलं, भावासाठी रडताहेत." तिने फडकं नीट केलं. "आपल्यातला होता, आता नाही, त्याला याको म्हणतात पोरी. मेलेल्याचं नाव घेत नाहीत ना. म्हणून."

मामा लाकूड फोडत होता. कुऱ्हाड वर राहिली.

"म्हणजे ते आम्हाला —"

"मेलेले म्हणतात. आणि तुम्ही काठावर उभे राहून म्हणता, हो हो, मेलेले, मेलेले!"

पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. नदीपलीकडे ते दोघं बसले होते. इकडे बघत.

१२ ऑगस्ट

मावशीला विचारत गेले. ती सांगत गेली. पाच-सहा वर्षांच्या मुलीला जे पक्कं शिकवलेलं असतं, ते.

मेलेले नदीच्या त्या काठाला राहतात. त्यांची घरं आपल्यासारखीच असतात. ते हाका मारतात. हाकेला याको म्हणावं, म्हणजे त्यांना कळतं की आपण कोण आहोत, आणि ते जागच्या जागी थांबतात. त्यांच्या हातचं घेऊ नये. त्यांनी ठेवलेली केळी कुजू द्यावीत. त्यांच्या अंगावरचं कापड शिवू नये. त्यांच्या वाटेवर काठ्या आडव्या टाकाव्यात. आणि काठावर राखण बसवावी, नाहीतर ते येतात आणि घरंच्या घरं घेऊन जातात.

काही द्यायला बंदी यायच्या आधी ऑफिस वाळूवर केळ्यांचे घड ठेवायचं. ते काळे पडून कुजायचे. ऑफिस म्हणायचं, माकडांना आवडत नसतील.

सगळे नियम आमचेच. एकेक. फक्त आम्ही ते इंजेक्शन देणाऱ्यांकडून शिकलो.

सात वर्षं मी समजत होते की पहारा आमचा आहे.

१३ ऑगस्ट

मावशीला काय हवंय ते आज बोलली. चुलीशी बसून, मामासमोर.

"मला पुरतं मरायचंय."

मला वाटलं ताप चढला. तसं नव्हतं. जो घरच्यांना निरोपाचं पेय पाजल्याशिवाय जातो, तो काठालाच अडकतो म्हणे. ना इकडचा, ना तिकडचा. असा कोणी वाळूवर आला आणि त्याने स्वतःचं लहानपणचं नाव घेऊन हाक मारली, तर मेलेल्याच्या हातचं न घेण्याचा नियम एकदाच मोडतो. घरच्यांनी त्याच्या हातचं पेय प्यायचं. मग तो सुटतो. मग त्याला पुन्हा कोणी याको म्हणून हाक मारत नाही.

"धाकटी बहीण होती माझी. असेल तर ती येईल. नसेल तर तिची पोरं."

मी म्हटलं, "मावशी, तू खोकतेस. त्यात तुझी थुंकी आहे. एक वाडगा, आणि सगळी वस्ती आडवी."

"सत्तर वर्षं मी काठावर उभी आहे."

"नियम —"

"तू त्यांना जपतेस ते कोणाला विचारून?"

"त्यांनीच सांगितलंय ना! काठ्या आडव्या टाकून, केळी कुजवून. आणखी कसं सांगतात?"

"मग हेही त्यांचंच आहे. नाव घेतलं तर प्यायचं, हाही त्यांचाच नियम. तुला पटेल तेवढाच कसा घेतेस?"

मामा राखेत काटकी फिरवत राहिला.

१४ ऑगस्ट

मावशी झोपली होती तेव्हा मडकं मागच्या खड्ड्यात ओतलं.

इतक्या वर्षांत मामा माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "तिचं तोंड होतं त्यात! माणसाचं तोंड मातीत ओततेस?"

दुपारी तिघंही एकमेकांकडे न बघता जेवलो. मावशी दोन घास खाऊन निजली. तिची पाठ दिसत होती. लहान मुलीची पाठ.

संध्याकाळी मी म्हटलं, मी करते.

चावायचं नाही. युका उकडायची, किसायची, रताळ्याचा रस घालायचा, पुन्हा उकळायचं. लिमात आमच्या बाया असाच करतात. मला सर्दी नाही, तरी तोंड बांधून, हात उकळत्या पाण्याने धुऊन. वाडगाही उकळायचा. बेटावर ठेवायचं आणि मागे फिरायचं.

"आंबणार नाही," मावशी म्हणाली.

"आंबेल."

"तोंडाशिवाय चव येत नाही."

"नको येऊ दे."

मग म्हणाली, "साहेबाला सांगणार?"

नाही सांगणार.

१५ ऑगस्ट

युका किसली. बोटं सोलली. मामा मुकाट्याने लाकडं आणून देतो आहे. मावशीचा ताप उतरला, खोकला नाही.

१७ ऑगस्ट

सकाळी धुकं फाटल्यावर निघालो.

मामा वल्ह्यावर. मी मधे, मांडीवर मडकं, शेजारी भोपळ्याचा उकळून वाळवलेला वाडगा. मावशी पुढे, तोंड बांधून. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता, तो मी आधी बघून घेतला होता. समोरच्या आडोशातले दोघं उभे राहिले. एकाच्या हातात धनुष्य. बाण लावलेला नव्हता.

बेटावर मावशीने चपला काढल्या. फडकं सोडलं. मी "मावशी!" म्हटलं, तर म्हणाली, "बांधलेल्या तोंडाने नाव कसं घेऊ?"

पाण्याच्या कडेला जाऊन तिने हाक मारली. एक छोटं नाव. दोन अक्षरांचं, लहान मुलांना ठेवतात तसं. म्हातारीच्या गळ्यातून ते इतकं बारीक निघालं की मला वाटलं कोणी दुसरंच बोललं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

काही झालं नाही. पुन्हा हाक. धनुष्यवाला झाडीत गेला. आम्ही उभे. मामाच्या ओठांवर घाम.

मग ती आली. मावशीसारखीच बुटकी, केस कापलेले, छातीवर लाल रंग. तिच्यामागे म्हातारा, बायका, पोरं — इतकी माणसं तिकडे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

मी मडक्यातून वाडगा भरला. मावशीने घेतला, देताना कोणीही लावतं तसे ओठ लावले, वाळूवर ठेवला, आणि आम्ही पाठमोरे न होता होडीपर्यंत मागे गेलो. होडी मधल्या प्रवाहात नेऊन धरली.

म्हातारी कमरेएवढ्या पाण्यातून बेटावर आली. वाडग्याशी बसली. वास घेतला. आमच्याकडे बघितलं — माझ्याकडे, मावशीकडे नाही. मग प्यायली. वाडगा घेऊन परत गेली. तो हातोहात फिरला. पोरांपर्यंत. शेवटी तिने वाडगा वाळूत पालथा घातला.

सगळे झाडीत गेले. कोणी याको म्हटलं नाही.

मावशी होडीत निजून आभाळाकडे बघत होती. "आंबला होता," म्हणाली. मला म्हणाली.

मामा रडत वल्हवत होता. मीही. मनात पुन्हा पुन्हा तपासत होते. उकळलं. धुतलं. वारा बघितला. दूर राहिलो. सगळं केलं.

१९ ऑगस्ट

मावशी गेली. सकाळी कॉफी घेऊन गेले तर गेलेली होती.

चौकीमागे पुरलं. मामाला प्रार्थना आठवेना. खड्ड्यात वाकला आणि म्हणाला, याको.

तो शब्द आपल्या जागी पडल्यासारखा वाटला.

२१ ऑगस्ट

समोरून हाक नाही. आडोशात दोघं आहेत. आम्ही पाळी बदलतो, तेही बदलतात.

मामाला म्हटलं, आपणच हाक मारून बघू? तो म्हणाला, "आता तोंड वळत नाही."

२४ ऑगस्ट

ऑफिसच्या होडीने दोरिस नर्स आली. साथ ओसरली म्हणून आमची तपासणी करायला. गोरीगोमटी, कुस्कोची, हसरी. मावशीचं समजल्यावर छातीवर क्रॉस केला. तापाबद्दल विचारलं. तिने विचारलं तेवढंच मी सांगितलं.

तिला कॉफी ओतली. कप पुढे केला.

"अगं!" दोरिस हसायला लागली. "उष्टा करून देतेस?"

मी कपाकडे बघितलं. काठावर ओलं.

"तुमच्या गावात सगळे असंच! सांगून सांगून दमले मी. साथीत तर निदान —"

मामा म्हणाला, "देणाऱ्याने आधी प्यायचं असतं ताई. नाहीतर घेणारा म्हणेल, विष घातलंय." आणि तोही हसला. मग हसायचा थांबला.

कप माझ्या हातातच होता. वाळूवर मावशी. वाडगा. ओठ. मी तिथे चार पावलांवर उभी होते. मी बघत होते. मला ते दिसलंच नाही, कारण ते काही करणं नव्हतं. ते पापणी लवण्यासारखं होतं.

कापड द्यायचं नाही, भांडं द्यायचं नाही, हे सगळं नियमांत आहे. हे नाही. कोण घालणार? आम्ही असं करतो हे आम्हालाच माहीत नव्हतं.

"बाई, कॉफी देतेस की नाही?" दोरिस म्हणाली.

२५ ऑगस्ट

रेडिओवर काबरेरा साहेबांना सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. मामा शेजारी उभा होता.



"साहेब, डॉक्टर पाठवा पलीकडे."

"दहा डॉक्टर म्हणजे दहा तोंडं, नेरेइदा. ते पळतील. आजारी असतील तर आजार घेऊन आत पळतील, दुसऱ्या वस्त्यांपर्यंत. नसतील तर आपणच नेऊन देऊ."

"मग काय करायचं?"

"बघत राहा."

"आणि?"

"बघत राहा."

माझी नोकरी गेली का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. बदली माणूस येईपर्यंत इथेच आहे. आला तरी इथून कशी जाऊ?

२६ ऑगस्ट

आडोशात आज एकच.

२८ ऑगस्ट

पहाटे शीळ. शेवटी खाली उतरली. मामा म्हणाला, तितर. मीही म्हटलं, तितर. आम्ही दोघं इतकं मनापासून म्हणालो!

मग तिथूनच खोकला आला.

३१ ऑगस्ट

आडोशातला उठून पाण्यापर्यंत आला. मी जाकीट घालून काठावर गेले. त्याने हात वर केला. पण पाठ आमच्याकडे होती, तोंड रानाकडे.

"याको!"

मामाने सवयीने तोंड उघडलं. मी त्याचा हात धरला. आम्हाला नव्हती ती हाक.